गौरी नेमक्या तारखेलाच आल्या तर?

श्रावण अर्धा सरला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या फोनचा विषय ठरलेला असतो. "मॅडम, यंदा गौरी नेमक्या माझ्या तारखेला येतायत." कुणाला पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी का हे विचारायचं असतं, तर कुणी गेल्या वर्षी घेतली नाही म्हणून अजून धास्तावलेली असते. एकीने तर वर्षभरात घरात जे जे वाईट घडलं, ते सगळं भाद्रपदातल्या त्या एका दिवसाच्या नावावर मांडून ठेवलं होतं.

गोळीचा प्रश्न खरं तर डॉक्टरांचा. ती नॉरएथिस्टेरॉनची असते, म्हणजे हार्मोनच. तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असेल तर डॉक्टर ती टाळतात. पण सणाच्या तोंडावर केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मागितली जाते, आणि मिळतेही.

वैशालीला (नाव बदललं आहे) तिच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं. बँकेत नोकरी, डोंबिवलीत घर. लग्न झाल्यापासून गौरी तारखेच्या आसपास आल्या की गोळी ठरलेली.

"घरून काय म्हणतात? सासूबाई?"

"त्या जाऊन तीन वर्षं झाली."

"आणि मिस्टर?"

"ते म्हणतात, तुला पटेल तसं कर."

"मग गोळी घे असं म्हणतंय कोण?"

ती बराच वेळ पर्सची चेन मागेपुढे करत राहिली. "कुणीच नाही. मलाच भीती वाटते. देवीचं कडक असतं."

पाळीचं शरीरशास्त्र मी तिला सांगत बसले नाही. ती बीएस्सी झालेली. अज्ञानातून आलेली भीती माहितीने जाते. हिची माहितीही पक्की होती आणि भीतीही. मी आगरकर वाचून मोठी झाले आणि पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करायला लागले. त्यामुळे समोरच्याची समजूत बरोबर की चूक हे मी सांगत नाही, ती त्याच्याच अनुभवाशी ताडून बघायला लावते. म्हणून पुढच्या भेटीत पाळीचा विषय बाजूला ठेवून मी तिच्या घरातल्या गौरींबद्दल विचारलं.

"पहिल्यापासून डोंबिवलीतच बसतात?"

"छे, गावी बसायच्या. घर बंद पडलं तेव्हा दीर म्हणाले, आता तुमच्याकडे करा."

"स्वयंपाक सोवळ्यात?"

"सासूबाई करायच्या. मी धुतलेला ड्रेस घालते."

"सोळा भाज्या?"

"भाजीवाल्याकडे सगळ्या मिळून एक वाटा मिळतो." आता ती थोडी ओशाळली होती.

"आणि पुरणपोळ्या?"

"बाहेरून आणते. आमच्या इथे एक बायकांचा गट आहे, ऑर्डर घेतात. ऑफिस करून पुरण कधी वाटायचं?"

"किती जणी लाटतात तिथे?"

"असतील आठ-दहा."

"त्यांच्यात कुणाची तारीख आहे, हे कधी विचारलंत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मॅडम, सणाच्या ऑर्डरी सोडून त्यातली एकही घरी बसत नसणार."

"आणि गौरी?"

"जेवल्या की! दर वर्षी जेवतात."

माझ्या कामातला एवढा निखळ क्षण मला क्वचित मिळाला आहे. त्या एका हसण्याने जे झालं, ते मी तासभर बोलूनही झालं नसतं. मलाही त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. गौरींचं गाव बदललं, सोवळं गेलं, पोळ्या विकतच्या झाल्या. हे सगळे बदल चार माणसांत मोठ्याने बोलून झाले, म्हणून कुणाला पाप आठवलं नाही. पाळीबद्दल त्या घरात कुणी मोठ्याने बोललंच नव्हतं, म्हणून तेवढा नियम जसाच्या तसा राहिला. ज्यांचा भार वाहणाऱ्याला तोंड उघडता येत नाही, ते नियम सर्वांत जास्त टिकतात, असं माझं मत आहे.

धर्माचं म्हणाल तर तो सगळीकडे एकच गोष्ट सांगत नाही. कोकणात कित्येक घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्य असतो, इतर अनेक घरांत कांदाही चालत नाही. आसामात कामाख्येचं देऊळ अंबुबाचीच्या दिवसांत देवीलाच पाळी आली म्हणून बंद ठेवतात आणि नंतर तिचं वस्त्र प्रसाद म्हणून घेतात. आपली संत सोयराबाई, चोखामेळ्यांची बायको, तर शतकांपूर्वी विचारून गेली की विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा. शबरीमलात दहा ते पन्नास वयाच्या बायकांना असलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली चार विरुद्ध एक अशा मताने रद्द ठरवली. त्यावर पुढे फेरविचाराच्या याचिका झाल्या, वाद चालूच आहे. पण देवळाच्या पायरीवरचा निकाल घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत पोचत नाही. तिथे न्यायाधीश आपणच असतो, आणि आरोपीही.

"मग मी सगळं शिवू का?" वैशालीने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. काल सासूबाईंचं ऐकत होती, आज माझं ऐकणार असेल तर फक्त हुकूम देणारी बाई बदलली.

तिचं तिने ठरवलं. गोळी नाही. पाळी आलीच तर पूजा नवरा करेल, ती वाढपाचं बघेल, आणि का ते मुलग्यासकट सगळ्यांना सांगेल. पाळी आवाहनाच्या दिवशीच आली. ती देव्हाऱ्याजवळ गेली नाही, पण गौरींच्या साड्या कशा नेसवायच्या हे हॉलमधून नवऱ्याला ओरडून सांगत होती. माझ्या एका सहकारी बाईंना हे अर्धवट वाटलं. मला वाटत नाही. नियम पाळला की मोडला यावरून मी स्वातंत्र्य मोजत नाही. दोन्ही वाटा खुल्या होत्या का, एवढंच बघते.

म्हणून ज्यांचा मनापासून विश्वास आहे, त्यांनी त्या दिवशी खुशाल बाजूला बसावं, पण गोळी गिळून दिवस पुढे ढकलू नये. ज्यांचा विश्वास उरलेला नाही त्यांनी पाहुण्यांसमोर ऐन आरतीला वाद काढण्यापेक्षा सणाच्या महिनाभर आधी घरात बोलावं. तारीख नवऱ्यापासून लपवू नये, आणि नवऱ्यानेही "तुमचं बायकांचं तुम्ही बघा" म्हणून सुटू नये. पूजा करायची तयारी त्याचीही हवी.

सासवाही येतात माझ्याकडे. परवाच एक आल्या होत्या, प्रश्न अगदी उलटा. सून सगळं शिवते, मग देव माझ्यावर कोपेल का? मी म्हटलं, तुमचं सोवळं तुम्ही पाळा, त्यात तिने ढवळाढवळ करू नये. पण तिच्या अंगावरचा नियम तिच्या संमतीशिवाय लावता येणार नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही. उठताना म्हणाल्या, "बरं. नैवेद्याचं ताट मी उचलीन, बाकीचं तिचं ती बघेल. पण कुळाचार विचारायला येऊ दे तर खरी!"