घोडेबाजार, पण आमदारांशिवाय

प्रश्न असा : चीन आणि मंगोल यांच्या इतिहासावरच्या एका मराठी मजकुरात 'सीमेवर घोडेबाजार सुरू झाले' असं वाक्य आहे. वाचताना आमदारच डोळ्यांपुढे येतात. शब्द चुकलाय का?

चुकलेला नाही. मूळ चिनी शब्द 'मा-शी'. 'मा' म्हणजे घोडा, 'शी' म्हणजे बाजार. (आपल्या माशीचा इथे संबंध नाही.) राजकारणातला अर्थ आपण इंग्रजीवरून उचलला, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात तपासणाऱ्याला घोडेबाजार म्हणजे घोडेबाजारच. तरी मी 'घोड्यांचा बाजार' असं सुटं लिहीन. तेवढ्या 'चा'नं आमदार बाहेर जातात.

मात्र या बाजारात नुसते घोडे नव्हते. मंगोलांचा सरदार अल्तान खान चीनच्या मिंग घराण्याच्या दरबाराकडे वर्षानुवर्षं व्यापाराची परवानगी मागत होता, दरबार नाही म्हणत होता. 1550 मध्ये तो फौज घेऊन थेट बीजिंगच्या वेशीपर्यंत आला. 1551 मध्ये बाजार उघडले, पुढच्याच वर्षी बंद पडले. 1571 च्या तहानंतर मात्र त्यांचा जम बसला. मंगोल घोडे, गुरं, मेंढ्या, कातडी आणत. कापड, धान्य नेत. त्यांना लोखंडी कढयाही हव्या असत, आणि घोळ तिथेच. मंगोल कढया वितळवून हत्यारं करतील, ही मिंग अधिकाऱ्यांची धास्ती. स्वयंपाकाच्या भांड्यावरून दरबारी खल!

अशा बाजारांना चिनीत 'हू-शी' असाही व्यापक शब्द आहे. 'हू' म्हणजे परस्पर. त्याला कुणी 'पेठ' म्हणू नये. पेठ वसलेली असते, हे बाजार ठरल्या वेळी भरत आणि उठत. 'सीमेवरचा बाजार' पुरे.

पेठ म्हणायचीच तर 'माइमाइचंग'ला म्हणा. रशिया आणि चीन यांच्यातल्या 1727 च्या क्याख्ता तहानंतर मंगोल भूमीवर, रशियन क्याख्ताच्या समोरच, चिनी व्यापाऱ्यांनी ही वस्ती केली. चहाच्या दाबलेल्या विटा त्या मुलखात पैशासारख्या चालत. नावात पहिला 'माइ' खरेदीचा, दुसरा विक्रीचा. चिनीत फरक फक्त स्वराच्या चढउताराचा. क्रमही आपल्या 'खरेदी-विक्री'सारखाच, 'देवघेवी'च्या उलटा. 'चंग' म्हणजे तटबंदीचं गाव. यातला 'माइमाइ' मंगोल भाषेत शिरला, पहिल्या 'म'चा 'न' झाला, आणि व्यापाराला मंगोल आजही 'नाइमा' म्हणतात.