‘पेनी ड्रेडफुल’ या भयमालिकेचा चौथा सीझन ठरला होता आणि शेवट घाईत गुंडाळला, असं बरेच चाहते म्हणतात. यात तथ्य आहे का?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवट घाईत झाला ही तक्रार मला पूर्ण पटते. चौथा सीझन ठरलेला असताना वाहिनीनं मालिका मध्येच तोडली, हे मात्र पटत नाही. मालिका पाहून झाली नसेल तर इथेच थांबा. पुढे सगळी रहस्यं उघडी केली आहेत.

शेवटचे दोन भाग 19 जून 2016 रोजी एकापाठोपाठ एक दाखवले गेले आणि पडद्यावर ‘द एन्ड’ ही अक्षरं उमटली. हा शेवटचा सीझन आहे असं आधी कोणीच जाहीर केलं नव्हतं. सत्तावीस भाग ज्या पात्रांबरोबर काढले, त्यांचा निरोप घ्यायला वेळच मिळाला नाही, म्हणून लोक चिडले. मालिकेची नायिका व्हेनेसा (इव्हा ग्रीन) हिची गोष्ट तिसऱ्या सीझनमध्ये संपवायची हे दुसऱ्या सीझनच्या काळातच ठरलं होतं, असं लेखक-निर्माते जॉन लोगन यांनी नंतर सांगितलं. पण तोवर ‘वाहिनीनं गळा घोटला’ ही समजूत पक्की झाली होती. हे महिनाभर आधी जाहीर झालं असतं, तर त्या समजुतीला इतकं बळ मिळालं नसतं असं मला वाटतं.

तरीही चाहत्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. धागे खरंच सुटले आहेत. डॉ. जेकिलला शेवटी ‘लॉर्ड हाइड’ ही पदवी मिळते, आणि हाइडच्या ज्या राक्षसी रूपासाठी आपण त्याच्याकडे डोळे लावून बसलो होतो ते रूप कधी दिसतच नाही. ड्रॅक्युला निसटतो, त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. सर्वांत जास्त खटकतं ते व्हेनेसाचं नसणं. सातव्या भागाच्या अखेरीस ती ड्रॅक्युलाला शरण जाते आणि नंतरच्या दोन भागांत फार थोडा वेळ दिसते. इव्हा ग्रीनच्या खांद्यावर उभी असलेली मालिका शेवटच्या चढणीवर तिलाच बाजूला ठेवते. ही मला चूक वाटते, ती ठरवून केलेली असली तरी.

चौथ्या सीझनच्या बाजूनं सर्वांत जोरदार पुरावा म्हणून कॅट्रिओना हार्टडेगनचं नाव घेतलं जातं. पर्डिटा वीक्सनं रंगवलेली ही मृत्यूची अभ्यासक तिसऱ्या सीझनमध्ये अचानक येते. तिचे कपडे, तिचं बोलणं, तिचं लढणं, काहीच 1892 च्या लंडनमधलं वाटत नाही. चाहत्यांनी तर्क लढवला की ती भविष्यातून आली आहे. मला हा तर्क मनापासून आवडतो, कारण त्याला आडनावाचा आधार आहे. एच. जी. वेल्सच्या 1895 च्या ‘द टाइम मशीन’ कादंबरीतल्या कालप्रवाशाला नाव नाही. 2002 च्या चित्रपटात मात्र त्याचं नाव अलेक्झांडर हार्टडेगन आहे, आणि त्या चित्रपटाची पटकथा जॉन लोगन यांचीच! एवढा योगायोग होत नसतो. पण यावरून लेखकानं खूण पेरली होती इतकंच ठरतं. पुढचा सीझन लिहायला घेतला होता हे त्यातून सिद्ध होत नाही.

या मालिकेत खुणा पेरण्याची सवय पहिल्यापासून आहे. व्हेनेसाचा साथी इथन वेअरवुल्फ (लांडग्यात बदलणारा माणूस) आहे हे पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात उघड होतं, पण प्राणिसंग्रहालयातल्या रात्री लांडगे त्याच्यासमोर शांत होतात तेव्हाच अनेकांनी ते ओळखलं होतं. पुढे त्याचं खरं आडनाव टॅलबट असल्याचं कळतं. 1941 च्या ‘द वुल्फ मॅन’चा नायकही टॅलबटच. त्यामुळे इथे नावांवरून तर्क करणाऱ्यांना मी कधीच वेड्यात काढणार नाही.

एक तर्क मात्र मला अजिबात मान्य नाही: सगळी गोष्ट वेड्यांच्या इस्पितळातल्या कोठडीत व्हेनेसाच्या मनात घडते, हा. तो तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागावरून आला. तो जवळजवळ सगळा भाग चार गादीदार भिंतींच्या आत घडतो. व्हेनेसा आणि तिची देखभाल करणारा कर्मचारी, एवढंच. अभिनेता रोरी किनियर त्यात कर्मचारी आहे, लुसिफर आहे आणि ड्रॅक्युलाही. टीव्हीवर मी पाहिलेल्या सर्वोत्तम भागांपैकी तो एक आहे. तो पाहिल्यावर बाकीचं सगळं खोटं वाटू लागतं हे मी समजू शकते. पण मग इथनचं अमेरिकेतलं वाळवंट, लिलीनं बायकांची उभी केलेली फौज, व्हिक्टर फ्रँकनस्टाइनची प्रयोगशाळा यांचं काय? अर्धी गोष्ट व्हेनेसाच्या गैरहजेरीत घडते, तिला ठाऊकही नसलेल्या माणसांमध्ये. शिवाय तो कर्मचारी म्हणजेच फ्रँकनस्टाइननं मृतदेहातून पुन्हा जिवंत केलेला जीव, मरण्यापूर्वीचा. त्याला बायको आहे, क्षयानं खंगणारा मुलगा आहे, आणि मेल्यानंतर तो त्यांच्याकडे परत जातो. ही सगळी गोष्ट व्हेनेसाचं स्वप्न मानली तर त्याचं दुःखही खोटं ठरतं, आणि ते मला पत्करत नाही.

तुम्हाला शेवटाचा राग आला असेल, तर एकदा तो चौथा भाग आणि त्यानंतर लगेच शेवटचा भाग असा क्रम लावून पाहा. मी तसं पाहिलं आणि माझं मत बदललं नाही, घाई मला तेव्हाही दिसली. पण इथन व्हेनेसाबरोबर प्रार्थना म्हणतो आणि मग तिच्याच इच्छेनं तिच्यावर गोळी झाडतो, ते दृश्य मला आधीपेक्षा खूप जड गेलं. आणि कोठडीत तिला माणूस म्हणून वागवणारा तोच माणूस आता नव्या देहात, मुलाला गमावून, तिच्या कबरीपाशी येऊन गुडघे टेकतो, तेव्हा मला रडू आवरलं नाही.