दोन पिंपांचा एक टन

कोथरूडच्या एका वाचकबाईंचा प्रश्न आहे. लेकाच्या वहीत इंग्रजीचे पाच चिमुकले शब्द आलेत: टी-ओ-एन, टी-ओ-एन-एन-ई, टी-यू-एन, टी-ओ-एन-ई आणि टी-यू-एन-ई. पहिले तीन तर कानाला सारखेच, टन. ‘यांचे अर्थ काय आणि हे एकमेकांचे कोण लागतात?’

अर्थ कुठल्याही शब्दकोशात मिळतील. टोन म्हणजे सूर, ट्यून म्हणजे चाल, हे पोराला आपल्याआधी ठाऊक असणार. नातं मात्र सांगतो. गेल्या महिन्यापासून हा टन माझ्या डोक्यात बसलाय.

झालं असं, की आमच्या सोसायटीच्या सभेत एक सद्गृहस्थ उठले आणि म्हणाले, “तिसऱ्या मजल्यावर दीड टनाचा एसी येतोय. आपली भिंत दीड टन पेलणार आहे का?” कुणी हसलं नाही. मुद्दा इतिवृत्तात लिहून घेतला गेला! दुसऱ्या दिवशी तोच एसी दोन पोरांनी जिन्याने वर नेला, आतलं युनिट तर एकट्याच्या खांद्यावर.

अहो, तो टन एसीचा नव्हे, बर्फाचा. गारव्यासाठी बर्फाच्या लाद्या विकत घ्यायच्या काळातलं माप आहे ते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पिईल, तेवढी खोलीतून उपसणारं यंत्र एक टनाचं. तोही अमेरिकी टन, २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. इंग्रजांचा टन २२४० पौंडांचा, १०१६ किलो. आणि सरळ १००० किलोंचा मेट्रिक टन, त्याच्या स्पेलिंगला ते फ्रेंच शेपूट. दुसऱ्या शब्दाचा निकाल लागला.

आता खरी गंमत. टन हे मुळात वजनच नव्हे. टन म्हणजे दारूचं थोरलं लाकडी पिंप, तुमच्या यादीतला टी-यू-एन. गलबतात माल किती मावतो ते अशी पिंपं मोजून ठरायचं आणि भरल्या पिंपाचं जे वजन, त्यालाही टनच म्हणायचे. पुढे वजनाचं स्पेलिंग वेगळं झालं, एवढंच. या पिंपात २५२ गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊशे लिटर दारू मावे. जुन्या बाजारात मिळतं ते निळं पिंप दोनशे लिटरचं. तसली जवळजवळ पाच.

आणि या टनाच्या निम्म्या मापाला इंग्रज काय म्हणत? पाइप! १२६ गॅलनचा एक पाइप, दोन पाइपांचा एक टन. हाच शब्द पोर्तुगीजांकडे ‘पिपा’, आणि त्यांच्याकडून आपल्याकडे आला पीप, पिंप. म्हणजे दोन पिंपांचा एक टन होतो, हे मी अलंकारिक बोलत नाही, हिशेबाने बोलतोय. ‘गुरुवारी पाणी नाही, आजच पाइप लावून पिंप भरून ठेवा’ हे वाक्य पुण्यात घरोघरी ऐकू येतं. त्यात एकच शब्द दोनदा आलाय, एकदा इंग्रजांकडून आणि एकदा पोर्तुगीजांकडून, याची नळाशी उभं राहणाऱ्याला कल्पनाही नसते. त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या चिवचिवण्यात आहे. आधी चिवचिव, मग पावा, मग नळी, मग पिंप.

टनाचं मूळ बहुधा केल्टिक, आणि आयरिशमधल्या त्याच्या भावंडाचा अर्थ कातडं. म्हणजे लाकडाच्या आधी चामडं होतं. माझ्या मते ती सरळसरळ आपली पखाल. एका व्याख्यानात मात्र एका विद्वानांनी टन संस्कृत ‘तन्’ धातूवरून काढून दाखवला आणि टाळ्याही घेतल्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच! ‘तन्’चं नातं इंग्रजीशी आहेच, पण ते टोनशी. ग्रीक ‘तोनोस’ म्हणजे ताण, ताणलेली तार. तिकडून टोन, आणि टोनचाच दुसरा उच्चार ट्यून. आपल्याकडे त्याच कुळातले तंतू, ताणणं, आणि सवाईच्या मांडवात ज्यावर माना डोलतात ती तान. पिंपाच्या घराण्याशी यांचा काडीचा संबंध नाही. टनाला एक ‘ई’ जोडला म्हणून टोन त्याचा मुलगा होत नाही. वॉशिंग्टनमधला टनही निराळाच, तो ‘टाउन’चा भाऊ.

पिंपाची खरी लेक आहे टनेल. जुन्या फ्रेंचमध्ये ‘तोनेल’ म्हणजे लहान पिंप. मराठीत करायचंच झालं तर पिंपुकलं. इंग्रजीत आधी तितर धरायच्या नळकांड्यासारख्या जाळ्याला टनेल म्हणत, बोगद्यावर ते नाव बरंच नंतर गेलं. तेव्हा मंडईखालून मेट्रोने स्वारगेटला जाल तेव्हा तुम्ही पिंपुकल्यातून जात असता.

बाई, पोराने परीक्षेत यातलं काही लिहू नये. पहिल्या शब्दापुढे ‘वजनाचं माप’ लिहावं, तिसऱ्यापुढे ‘पिंप’, आणि दोन मार्क घ्यावेत.