तळं गोठलंय, पण मोजलंय कुणी?

बर्फावरचं स्केटिंग शिकवायला लागल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात तीच पत्रं येतात, फक्त सह्या बदलतात. म्हणून यंदा एकत्रच उत्तरं देतो.

मोकळ्या आभाळाखाली, खऱ्या बर्फावर स्केटिंग करायचंय. कुठं जावं?

पहिलीच वेळ असेल तर कॅनडातल्या ओटावाचा रिडो कालवा. ७.८ किलोमीटरची वाट, बर्फावर देखरेख, बंद असेल तर लाल झेंडा. लांब पल्ल्याची हौस असेल तर ऑस्ट्रियातलं वाइसनझे. ९३० मीटर उंचीवरचं हे तळं इतक्या भरवशानं गोठतं, की स्वतःचे कालवे गोठेनात म्हणून डच मंडळी १९८९ पासून २०० किलोमीटरची पर्यायी शर्यत तिथं जाऊन भरवतात. नेदरलँड्समधली मूळ अकरा शहरांची शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही. शिमल्याची रिंक १९२० पासूनची. रात्री पाणी शिंपडायचं आणि थंडीनं ते गोठवायचं, ही तिथली जुनी रीत. आभाळ भरून आलं की दुसऱ्या दिवशीचं स्केटिंग बुडालं. निघण्याआधी तिथल्या व्यवस्थापनाला फोन करा, कुठंही जात असाल तरी.

सुट्टीचं बुकिंग आत्ताच करू का?

विमानाचं करा, बर्फाचं होत नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात रिडो एक दिवसही उघडला नाही. पैसे परत मिळण्याच्या अटी वाचा आणि जवळ यंत्रानं गोठवलेली एखादी रिंक हेरून ठेवा.

‘थंडी नको, वीज नको, बारमाही आइस स्केटिंग’ अशी जाहिरात पाहिली. खरं असेल का?

ते प्लॅस्टिक आहे. पॉलिथिलीनच्या जाड फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. सरावाला वाईट नाही, पण घसरण कमी आणि ब्लेड लवकर बोथट. माझा राग फळ्यांवर नाही, त्यांना बर्फ म्हणून तिकीट फाडणाऱ्यांवर आहे. खिडकीवर एवढंच विचारा, ‘हा पाण्याचा बर्फ आहे का?’ समोरचा त-त-प-प करायला लागला की परत फिरा.

हॉटेलमागचं तळं पूर्ण गोठलंय. मुलं त्यावर खेळतात. मालक म्हणतात, ट्रक गेला तरी काही होणार नाही. उतरावं का?

ट्रक कधी गेला? कुठून गेला? मालकांनी पाहिला, की त्यांनाही कुणी सांगितलं? दरवर्षी हा ट्रक मला भेटतो, ड्रायव्हर मात्र कधी भेटत नाही.

बर्फ जाडीवर आणि जातीवर पेलतो. काचेसारखा स्वच्छ, खालचं पाणी दिसत असल्यानं काळा भासणारा बर्फ सगळ्यात मजबूत. चालायला किंवा स्केटिंगला तो किमान १० सेंटिमीटर हवा. हिम मिसळून गोठलेला दुधी बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा, म्हणून तो दुप्पट जाड लागतो. हिवाळा सरताना उन्हानं पोखरलेल्या बर्फाच्या तर जाडीवर भरवसा ठेवूच नका. आणि ताजं हिम पडलं म्हणून खूश होऊ नका. ती तळ्यावर पडलेली गोधडी असते, तिच्याखाली बर्फ जाड होणं मंदावतं.

मोजायचं कसं? गिरमिटानं भोक पाडायचं, टेपच्या टोकाचा हूक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचा, आकडा वाचायचा. आणि हे एकदा नाही, दर थोड्या अंतरावर. एकदा मला काठाजवळ १४ सेंटिमीटर मिळाले. वीसेक पावलांवर, लव्हाळ्यांपलीकडे ओढा तळ्यात उतरत होता, तिथं टेप ५ वर थांबली. वरून दोन्ही जागा अगदी सारख्या दिसत होत्या. ओढ्याचं मुख, पुलाखालची जागा, पाण्यातले झरे इथं बर्फावर विश्वास नको.

तरीही बर्फ फुटला तर पहिलं मिनिट फक्त श्वास आवरण्यात जातं. धापा टाकत हातपाय झाडू नका. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम दहा मिनिटं. आलात त्याच बाजूला वळा, कारण तिकडच्या बर्फानं तुम्हाला पेललं होतं. गळ्यात अडकवलेले, बर्फात रुतवायचे अणकुचीदार टोचे रोवा, पाय मारत पोटावर वर या आणि लोळत दूर जा. उभं राहायचं नाही. टोचे नाहीत, दोर नाही, सोबत कुणी नाही? मग उतरायचंच नाही. त्या पाण्याची अधिकृत देखरेख करणाऱ्यांना विचारा. असं कुणी नसेल तर काठावरून फोटो काढा.

भाड्याचे स्केट्स घातले की पाय बधिर होतात. दोन जोड मोजे घालू का?

उलट, एकच पातळ जोड. नाडी घोट्यापाशी आवळा, बोटांकडे सैल ठेवा. तरीही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हळूहळू केलं तर चालेल?

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. मी गुडघा पाहिलेला नाही.

आठ दिवसांपूर्वी रिंकवर हातावर पडलो. अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय. बर्फानं शेकतोय. एक्स-रे काढावा का?

आठ दिवस! अहो, तिथं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याची चीर सुरुवातीच्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही आणि दुर्लक्ष केलं तर ते नीट सांधत नाही. पत्र लिहिलंत त्याच हातानं अस्थिरोगतज्ज्ञांना फोन लावा, आजच.