भोत, काटे आणि डोंगरगावचे खवले

माशांच्या उत्क्रांतीवर लिहायला लागल्यापासून आलेली निम्मी पत्रं स्वयंपाकघरातली आहेत, याचा मला आनंद आहे. मासळी साफ करणाऱ्यांच्या हाताखालून जेवढी शरीररचना जाते तेवढी आमच्या प्रयोगशाळेतूनही जात नाही.

प्रश्न : मुशी, पाकट, बांगडा, तिन्ही मासेच. मग ‘ॲक्टिनोप्टेरिजाय’ असा वेगळा गट कशाला? (अलिबाग)

बांगड्याचा पर बोटांनी पसरून उजेडात धरा. पातळ पडदा आणि त्यात पंख्यासारख्या काड्या दिसतील. या काड्या हाडाच्या असतात आणि त्यांना हलवणारे स्नायू परात नसून अंगात असतात. हीच या गटाची खूण. पापलेट, सुरमई, रोहू, वाम, बोंबील सगळे यातलेच. ३० हजारांहून अधिक जाती, म्हणजे आजच्या कणा असलेल्या प्राण्यांतले जवळजवळ निम्मे. स्कॉटलंडच्या खडकांत सापडणारा कायरोलेपिस हा त्यांतला एक फार जुना, ३८ कोटी वर्षांपलीकडचा.

मुशी आणि पाकट यांचा सांगाडा हाडाचा नसून लवचीक कूर्चेचा. त्यांची वाट त्याआधीच वेगळी झाली. मांसल परांची तिसरी शाखा आहे ती फुप्फुसमासे आणि सीलाकांथ हा खोल समुद्रातला मासा यांची, आणि चार पायांचे प्राणी तिच्यातूनच निघाले. म्हणजे नात्याने फुप्फुसमासा बांगड्यापेक्षा तुम्हाला जवळचा. पंगतीत हे सांगू नका.

प्रश्न : रोहूत इतके बारीक काटे, पापलेटात का नाहीत? (पुणे)

वैताग रास्त आहे. रोहू, कटला, पाला यांच्या मांसाच्या थरांमधल्या पडद्यांत सुटे काटे तयार होतात. बरेचसे टोकाला दुभंगलेले, कण्याला न जोडलेले. म्हणून कणा उपसला तरी ते मागे राहतात. ही जुन्या घराण्यांची रीत. पापलेट, सुरमई, हलवा नंतरच्या घराण्यातले, त्यांच्यात हे सुटे काटे जवळजवळ गेले. बदल्यात त्या घराण्याने परांत टोचणारे काटे कमावले. जिताडा साफ करणाऱ्याचा अंगठा पाहा.

प्रश्न : घोळ माशाचा भोत (पोटातली हवेची पिशवी) एवढा महाग विकतात. ते त्याचं फुप्फुस का? (पालघर)

फुप्फुस नाही, पण फुप्फुसापासून आलेला आहे. डार्विनला उलटं वाटलं होतं, की आधी भोत आणि त्यापासून फुप्फुस. आज पुरावा दुसऱ्या बाजूचा आहे. आफ्रिकेतल्या नद्यांतला बिचिर हा या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याजवळून फुटलेला मासा. त्याच्या आतड्याखाली फुप्फुसांची जोडी असते आणि तो खरोखर हवा घेतो. पुढच्या वंशात ही पिशवी पाठीकडे गेली आणि श्वासाऐवजी तोलाच्या कामी आली. मांस-हाडं पाण्यापेक्षा जड. आत वायू असला की शेपूट न मारताही एका पातळीवर राहता येतं. मुशीला ही सोय नाही, तिचं भलंमोठं तेलकट काळीज (यकृत) तिला हलकं ठेवतं.

रोहूच्या भोताची नळी अजून घशाला जोडलेली आहे. घोळात ती बंद झाली, वायू रक्तातून भरावा लागतो आणि रक्तातूनच काढावा लागतो. म्हणून असा मासा खोलातून झटकन ओढला की भोत फुगतो आणि पोट तोंडावाटे बाहेर येतं. या कुळातले मासे भोतालगतचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाजही काढतात. बाजारभावाचा मात्र या इतिहासाशी संबंध नाही. भोत बहुतांशी कोलॅजन असतो, आणि तो वाळवून चीन-हाँगकाँगकडे सूपसाठी जातो.

मरळही हवा घेते, म्हणून तिला या जुन्यांत बसवू नका. तिची हवेची पोकळी कल्ल्यांच्या वर आहे. ती फार नंतरची, स्वतंत्र करामत.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यात डायनोसॉरांबरोबर मासेही सापडतात म्हणे? (वरोरा)

सापडतात, आणि फार बोलके सापडतात. तुमच्याच भागातल्या डोंगरगावच्या लॅमेटा थरांतल्या (डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातल्या गाळाच्या खडकांतल्या) माशांचं वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातल्या एकाला त्यांनी लेपिसोस्टिअस इंडिकस म्हटलं. हा ‘गार’ नावाच्या माशांतला. सुसरीसारखा लांब जबडा, आणि अंगावर चौकटीचे, चकाकणारे, कौलांसारखे बसवलेले जाड खवले. मासा कुजला तरी हे खवले टिकतात, म्हणून पुष्कळदा आपल्या हाती तेवढेच लागतात. आज गार फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत आणि क्यूबात उरलेत. दख्खनचा लाव्हा पसरत होता त्या सुमारास मात्र ते विदर्भातल्या तळ्यांत शिकार करत होते. आफ्रिका आणि युरोपातही त्यांचे जीवाश्म आहेत. म्हणजे हे अमेरिकेचे पाहुणे नव्हेत. ते सगळीकडे होते आणि एका कोपऱ्यात शिल्लक राहिले.

सिरोंच्याजवळच्या कोटा चुनखडीतला लेपिडोटीस डेक्कनेन्सिस तर याहून कितीतरी जुना, ज्युरासिक काळातला. तोही गारांच्याच भावकीतला, आणि खवले तसेच कडक. शेतात असा खवला दिसला तर फोडू नका. जागेचा फोटो घ्या आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा.

प्रश्न : लेप्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे? मुलगी विचारते. (वेंगुर्ला)

तिला सांगा, पिल्लू असताना ते दोन्ही बाजूंना असतात. वाढताना कवटी पिळते, एक डोळा डोक्यावरून पलीकडे जातो आणि मासा आडवा पडतो. जीवशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्टने डार्विनला यावरच घेरलं होतं : अर्ध्या वाटेवरचा डोळा कशाच्या उपयोगाचा? डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८७२ च्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण दाखवायला मासा नव्हता. तो २००८ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ मॅट फ्रीडमनने संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांत ओळखला. उत्तर इटलीतल्या मोंटे बोल्काचे, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे ॲम्फिस्टियम आणि हेटेरोनेक्टीस. पूर्ण वाढलेले मासे, पण एक डोळा वर सरकून थांबलेला, डोक्याची कड न ओलांडलेला.

प्रश्न : ढोमीच्या डोक्यात पांढरे खडे निघतात. हा रोग आहे का? (मालवण)

नाही, ते कानातले खडे. तोल आणि आवाज कळायला लागतात. चुन्याचा थरावर थर चढत जातो. घासून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. खडे टाकू नका, धुऊन डबीत ठेवा.