बेळगावहून चोर्ला घाटाकडं सायकलनं जाताना हवा भरायला काय न्यावं, पंप की सीओटू (कार्बन डायऑक्साइड भरलेली छोटी नळी)?

मिनी पंप न्या, सीओटू न्यायचाच असला तर सोबत जादा म्हणून. जांबोटी सोडली की कणकुंबीपर्यंत नुसतं जंगल आहे बघा, तिथं पंक्चरवाला कुठनं मिळणार, आणि १६ ग्रॅमची नळी एकदा फोडली की संपली, काटा टायरमध्येच राहून दुसऱ्यांदा पंक्चर झालं तर काय करणार? शिवाय सीओटू ट्यूबमधनं साध्या हवेपेक्षा लवकर निघून जातो, म्हणून घरी आल्यावर तो सोडून साधी हवा भरायची. आणि भरताना नळी इतकी गार पडते की बाहेरनं पांढरं बर्फ धरतं, हातमोजा नसला तर बोटं चिकटतात.

पंप घेताना आधी आपला वॉल्व्ह बघा, बारीक प्रेस्टा आहे की मोटरसायकलसारखा जाड श्रेडर. एमटीबीवाल्यांनी, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाईकवाल्यांनी, जास्त हवा ढकलणारा जाड पंप घ्यावा, रोड बाईकला ८० पीएसआय लागतं तिथं बारीक आणि लांब पंप बरा, आणि होसवाला (लवचिक रबरी नळीचा) असला तर फारच चांगलं, वॉल्व्हवर जोर येत नाही.

पाण्याची बाटली अडकवायच्या केजखाली ब्रॅकेट लावून पंप बसवा, वरनं जुन्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळा, नायतर खड्ड्यात उडून जातोय. पावसाळ्यात मात्र फ्रेमवर ठेवूच नका, चिखल आत जाऊन रबर खराब होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅडल बॅगेत टाका. आणि जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पॅच पाहिजेतच, नुसत्या पंपानं काय होणार?