गृहीतकं पहिल्या पानावर

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, मिळालीय, पुण्यात पीएच.डी.साठी गाइड तयार आहेत, आणि मुंबईच्या कन्सल्टिंग कंपनीचं ऑफर लेटरही आलंय. "मॅडम, तुम्ही दोन्हीकडे काम केलंय, तुम्हीच सांगा." आधी ते मॅडम सोड. तुझे बाबा मला ताई म्हणतात, तू आत्या म्हण. आणि तो तक्ता! पगार, प्रतिष्ठा, प्रवास, लग्न, सगळ्यांना दहापैकी गुण. लग्नाला सहा कुणी द्यायला लावले, ते मला न सांगताच कळलं. पण मला जो रकाना बघायचा होता तोच त्यात नाही.

तो असा: तिथे तुला गृहीतकं, म्हणजे हिशेब काय काय धरून केला ते, पहिल्या पानावर लिहू देतील का?

हसू नकोस. मी संशोधन संस्थेत राहिले, मग कन्सल्टिंगमध्ये गेले, आता गुहागरला बसून जमेल तेवढं दोन्ही करते. अर्थतज्ज्ञाचं शिक्षण वाया जातं ते त्या एका पानावरून, हे मी दोन्हीकडे पाहिलं.

अंजनवेलचा एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प तुझ्या घरापासून किती लांब? विजेची मागणी अमुक वेगाने वाढेल, महाग वीज राज्याच्या वीज मंडळाला परवडेल, असं धरून करार झाला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार, म्हणजे प्रकल्प उभा ठेवल्याचे पैसे, भरायचा, आणि दर डॉलरशी बांधलेला. 1993 साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला, हा आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून. म्हणजे गणित कुणाला येत नव्हतं असं नाही. पण मागणीचा अंदाज आणि डॉलरचा भाव ही गृहीतकं करार करताना लोकांसमोर मोकळेपणी मांडली गेली नाहीत. गावात भांडण झालं ते जमिनीचं आणि पाण्याचं. 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, त्याच वर्षाअखेर एन्रॉन दिवाळखोरीत गेली. तू तेव्हा जन्मलीही नसशील. त्या कराराचा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः मांडून बघावा. तू बघितलायस? नसशील तर पीएच.डी. की कन्सल्टिंग हा प्रश्न थोडा लवकर विचारतेयस.

आता माझं ऐक. एका कंपनीत असताना आंबा प्रक्रियेच्या कारखान्याचा प्रकल्प अहवाल माझ्याकडे आला. एक्सेलमध्ये दरवर्षी भरघोस पीक, दरवर्षी कारखाना पूर्ण क्षमतेने. हापूस वर्षाआड धरतो हे आपल्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस आला की तेवढाही नाही. चांगलं फळ वाशीच्या बाजारात जातं, कारखान्याला उरतं ते डागी, आणि त्याचा भाव तिथल्या दलालाची विक्रीची पट्टी बघूनच ठरतो. मी हे सगळं पहिल्या पानावर लिहिलं, आणि खाली एकच ओळ: पीक वर्षाआड धरलं तर परतावा इतका खाली येतो. वरिष्ठांनी ती ओळ परिशिष्टात नेली. "क्लायंट पहिली दोनच पानं वाचतो," म्हणाले. अहो, म्हणूनच तर तिथे लिहिली होती! मी अहवालावरून माझं नाव काढायला लावलं. त्यानंतर तिथे मला मोठं काम मिळालं नाही. हट्टी, अव्यवहारी, टीममध्ये न बसणारी, असं बरंच ऐकलं. आजही तेच करीन. कर्ज काढून यंत्रं घेणाऱ्या माणसाला आपण काय धरून चाललोय ते सांगायचं नसेल, तर आपली फी कशाची?

यावरून कन्सल्टिंग वाईट आणि संशोधन पवित्र असं मनात आणू नकोस. ते लपवतात परिशिष्टात, हे लपवतात तळटीपेत. कोकणातल्या कुठल्याही घरोघरच्या पाहणीत निम्मा ताप असतो कुलूपबंद घरांचा. माणसं मुंबईला, घर गणपतीत आणि शिमग्यात उघडतं. नमुन्यात असं घर आलं की शेजारचं उघडं घर घ्यायचं आणि पुढे जायचं. मग पेपरात येतं की कोकणातल्या कुटुंबाचं सरासरी उत्पन्न इतकं. कोणाचं? मागे राहिलेल्यांचं. त्यातही पाहणी जून-जुलैत केली तर मासेमारी बंद, एप्रिल-मेमध्ये केली तर आंब्याचा पैसा हातात. हे सगळं अर्ध्या ओळीच्या तळटीपेत, आणि वर समीकरणांची पानंच्या पानं. कुलूपबंद घरांवर मला स्वतंत्र पेपर लिहायचा होता. नोकरी बदलली, राहून गेला. खंत म्हणशील तर ही एकच आहे, आणि ती अजून बोचते.

पूर्वीच्या लोकांना ही दोन दारं इतकी वेगळी वाटतच नव्हती. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक असतानाच प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये दारिद्र्य मोजलं ते माणशी रोज 2,250 कॅलरी असं उघड धरून. संख्याशास्त्रज्ञ सुखात्म्यांनी त्या आकड्यावरच हल्ला चढवला: सगळ्या माणसांची गरज एकसारखी कशी, एकाच माणसाची रोज सारखी कशी? वर्षानुवर्षं वाद चालला. दांडेकर बरोबर की सुखात्मे, हे तू नंतर ठरव. वाद घालता आला, कारण धरलेली गोष्ट समोर होती. पहिल्या पानावर!

पैशाचं म्हणशील तर जेआरएफचे महिना 37,000, घरभाडं वेगळं, आणि ते वेळेवर येतीलच असं नाही. कंपनी याच्या दुपटीहून जास्त देतेय. तुझ्या घरावर कर्ज आहे, म्हणून नोकरी धरलीस तर मी तुला तत्त्वं ऐकवणार नाही. पण "तिथे इम्पॅक्ट जास्त असतो" हे वाक्य माझ्याशी बोलू नकोस. तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

उद्या दोन कामं कर. कंपनीच्या ज्या साहेबांनी मुलाखत घेतली त्यांना फोन लावून विचार, मागचा एखादा अहवाल क्लायंटचं नाव झाकून दाखवाल का. गोपनीयतेचं कारण सांगून नाही म्हणाले, तर फक्त एवढं विचार की त्यात गृहीतकं कुठल्या पानावर होती. प्रश्न समजला नाही, तर उत्तर मिळालं असं समज. दुसरं, तुझ्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मिळतील. प्रस्तावना आणि आभार सोड, नमुना निवडीचं प्रकरण काढ. न भेटलेल्या घरांचं काय केलं ते लिहिलंय का बघ. तीन-चार प्रबंध पुरेत.

आणि आईशी पैशाचं मी बोलते. हप्ता किती आणि कधीपर्यंत, तेवढं मला आधी कळव.

तुझी,
आत्या